सूत्रात नळ होता

म्हातारा ठीक आहे की नाही, हे त्याच्या थोरल्या मुलाला भिंतीवरून कळायचं. दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी त्याने तळहाताएवढा काचेचा चौकोन बसवला होता. चौकोन हिरवा असला की बाप ठीक. लाल झाला की बाप ठीक नाही. बाप स्वतः त्याच इमारतीत दोन मजले वर राहत होता. लिफ्ट होती, लिफ्ट बंद पडली तर जिना होता, आणि थोरल्याचे दोन्ही पाय शाबूत होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बिचारा परदेशात होता.

थोरला ॲप लिहिण्याच्या धंद्यात होता. त्याची बहीण, म्हणजे धाकटी, त्याच धंद्यात पण पलीकडच्या बाजूला: दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. "दादा बांधतो, मी पाडते," असं ती म्हणायची. लहानपणापासून त्या दोघांचं असंच होतं, फक्त आता त्याबद्दल पगार मिळत होता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि सुटीच्या दिवशी बसने यायची.

म्हाताऱ्याबद्दलही खरं तेच सांगतो, कारण मेलेल्या माणसाला साखरेत घोळवायची मला सवय नाही. आयुष्यभर त्याने सरकारी बस चालवली आणि घरही तसंच चालवलं. हॉर्न त्याचा, ब्रेक त्याचा, बाकीच्यांनी दांडा धरून उभं राहायचं. थोरला शाळेत असताना एकदा पास विसरून बापाच्याच बसमध्ये चढला. बापाने बस थांबवली, भर रस्त्यात त्याला उतरवलं, आणि वरून प्रवाशांना म्हणाला, "आमचा दगड आहे हा. पाठीवर दप्तर आहे, आत काही नाही." सगळी बस हसली. थोरला चालत घरी गेला. त्या दिवसापासून त्याच्या मनात अढी बसली ती बसलीच.

आई गेली आणि म्हातारा वर एकटा उरला. गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र नवीकोरी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. धाकटीचं म्हणणं, दिवसातून दोन-तीनदा कुणीतरी जाऊन बघायला हवं. सून म्हणाली, "आम्ही काय रिकामे बसलोय का? आणि गेलं तरी काय ऐकायला मिळतं? चहा पाणचट, डबा खारट." त्यात खोटं काही नव्हतं. तेव्हा थोरल्याने ही युक्ती काढली. कुणी वर जायला नको आणि कुणी गेलं नाही असंही व्हायला नको.

यंत्रं बसवायला गेला त्या दिवशी तो म्हाताऱ्याच्या पलंगाखाली आडवा झाला होता. म्हातारा वर गादीवर बसून पाय हलवत होता.

"साहेब, खाली काय शोधताय?" म्हातारा मुलाला साहेब म्हणायचा, आणि त्यात मान औषधालाही नसायचा.

"अप्पा, पाय वर घ्या जरा. इथे एक पट्टी लावतोय. तुम्ही उठलात की मला कळेल."

"आणि नाही उठलो तर?"

"तेही कळेल."

"वा. म्हणजे मेलो की घंटा वाजेल."

"असलं काही बोलू नका हो."

"आणि न्हाणीघरात कशाला घुसला होतास? माझ्या मुताचाही हिशेब ठेवणार?"

"नळावर बसवलंय एक. पाणी फार वेळ वाहत राहिलं तर कळावं म्हणून. बाकी काही नाही."

म्हाताऱ्याने पाय वर घेतले. मग म्हणाला, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा सकाळी चहाला येत जा की." थोरला पलंगाखालीच होता. ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक, त्याने पट्टी दाबून बसवली.

आता यातली एक गोम समजून घेतली पाहिजे, आणि ती काही अवघड नाही. 'ठीक' नावाची गोष्ट त्या ॲपमध्ये कुठेच ठेवलेली नव्हती. ठीक मोजणारं यंत्र अजून निघायचंय. यंत्रं होती चार. गादीचं यंत्र सांगायचं म्हातारा उठला की नाही. दाराचं सांगायचं, दार शेवटचं कधी उघडलं. किटलीचं सांगायचं चहा झाला की नाही, आणि नळाचं सांगायचं की नळ बंद आहे, चालू आहे, की फार वेळ चालू आहे. या चारांवरून 'ठीक' काढायचं, आणि तेही कुणी विचारलं तर. त्याला थोरला सूत्र म्हणायचा. भिंतीवरचा चौकोन काही क्षणाक्षणाला विचारत बसत नाही. तो वाट बघतो. चारांतलं एखादं बदललं की त्याला हाक जायला हवी: अरे, पुन्हा विचारून घे. ही हाक कोणाच्या बदलण्यावर मारायची, ते सूत्राखाली वेगळ्या ओळीत हाताने लिहावं लागतं: ठीक अवलंबून आहे गादीवर, दारावर, किटलीवर, नळावर. त्या ओळीतून एखादं नाव गळलं तर सूत्र बरोबरच राहतं, कुणी मुद्दाम विचारलं तर उत्तरही खरं येतं, फक्त हाक जात नाही. चौकोन आपलं जुनं उत्तर मिरवत बसतो. या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. धाकटीने असल्या कितीतरी पकडल्या होत्या आणि प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याचं डोकं खाल्लं होतं.

सुरुवातीला ओळीत चारही नावं होती. चौकोन झकास चालला. चौकोन लाल झाला की थोरल्याच्या फोनवर घंटाही वाजायची. पण लाल व्हायचाच नाही. मग थोरला हळूहळू वर जायचा थांबला. आधी सकाळी डोकावायचा, तेही गेलं. सून डबा दाराबाहेर ठेवून बेल वाजवून परत यायची. लिफ्टचं दार मिटता मिटता तिला आतून दार उघडल्याचा आवाज यायचा, तेवढीच गाठभेट. म्हाताऱ्याने फोन केला तर थोरला उचलायचा नाही. "कामात असतो मी. आणि काही झालं असतं तर चौकोन लाल झाला असता," असं तो धाकटीला म्हणाला, आणि त्याला ते अगदी तर्कशुद्ध वाटत होतं.

एक दिवस म्हातारा नळ सुरू ठेवून विसरला. बादली भरून वाहत राहिली. खाली चौकोन लाल झाला, घंटा वाजली, आणि थोरला अर्ध्या चड्डीवर धावत दोन जिने चढून वर आला. कुलूप उघडलं तर म्हातारा खिडकीशी पेपर वाचत बसलेला.

"काय झालं अप्पा?" थोरल्याला धाप लागली होती.

म्हाताऱ्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी मुलगा समोर उभा होता. गेलेल्या कानांनी त्याने आतल्या नळाचा आवाज टिपला की नाही माहीत नाही, पण डोकं काही गेलेलं नव्हतं. त्याला कळलं की नळ म्हणजे तर हॉर्नची तार आहे.

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "आलाच आहेस तर बस. रमीचा एक डाव टाकू."

तेव्हापासून मनात आलं की म्हातारा नळ सोडायचा आणि पत्ते पिसत बसायचा. मी याला लबाडी म्हणणार नाही. ज्याला हाक मारली तर कुणी येत नाही, त्याने काय करायचं? पहिल्यांदा थोरला हसला. दुसऱ्या वेळी नुसताच नळ बंद करून गेला. पुढे एकदा त्याची कंपनीच्या मालकाबरोबर व्हिडिओवर बैठक चालू असताना घंटा वाजली. तो "माफ करा, घरी इमर्जन्सी" म्हणून पळाला, तर वर म्हातारा शर्ट हातात घेऊन उभा. "बटण तुटलंय. सूनबाईला सांग." त्या दिवशी थोरला एवढा ओरडला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली.

"लांडगा आला रे आला चाललंय तुमचं! एक दिवस खरंच काही होईल आणि कुणी येणार नाही, मग बसा!"

"तुला बोलवायला काय अर्ज करू?" म्हातारा म्हणाला. "साहेबांची वेळ घेऊ?"

सुटीच्या दिवशी धाकटी आली तेव्हा घरात हाच विषय. थोरल्याने जाहीर केलं की तो नळ काढून टाकतोय. गादी, दार आणि किटली पुरे.

"डोकं फिरलंय का तुझं?" धाकटी म्हणाली. "म्हातारी माणसं पडतात कुठे? पलंगावर? न्हाणीघरात पडतात. उलट बाकीची तीन काढ आणि नळ ठेव."

"तू ये मग रोज नळ बंद करायला."

"मी येतेच आहे. बस बदलून येते. तू लिफ्टने जात नाहीस."

"झालं सुरू," सून म्हणाली आणि आत गेली.

बहीणभावाचं बराच वेळ वाजलं. शेवटी थोरला एकदम मऊ झाला. तो मऊ झाला की सावध व्हावं, हे धाकटीला माहीत असायला हवं होतं, पण भाऊच तो. म्हणाला, "बरं बाई, ठेवतो नळ." तिच्यासमोर त्याने लॅपटॉप उघडला, सूत्र दाखवलं. "हे बघ. गादी, दार, किटली आणि नळ. चारांपैकी एक बिघडलं की ठीक नाही. समाधान?" सूत्रात नळ होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. खालची ओळ त्याने पडद्यावर येऊ दिली नाही. त्या ओळीतून त्याने सकाळीच, ती यायच्या आधी, चहाचा कप डाव्या हातात धरून, एक शब्द पुसला होता.

चुकून नव्हे. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे त्याने चुकून झाल्यासारखं तोंड केलं. त्याला नेमकं माहीत होतं की आता नळ कितीही वाहिला तरी हाक जाणार नाही, घंटा वाजणार नाही, चौकोन हलणार नाही. आणि नळ सूत्रात ठेवला होता तो बहिणीला दाखवायला, आणि स्वतःलाही दाखवायला. मी कुठे काढलाय? आहे की. मला वाटेल तेव्हा ॲप उघडून विचारीन, खरं ते सांगेल. पहिले काही दिवस त्याने तसं उघडून पाहिलंही. मग नाही.

धाकटी तपासणारी होती, नुसत्या वाचण्यावर भागवणारी नव्हती. ती वर गेली, नळ सोडला, भरपूर वेळ वाहू दिला आणि आपल्या फोनवर ॲप उघडलं. लाल. बरोबरच होतं. बंद असलेलं ॲप नव्याने उघडलं की ते नव्याने विचारतं, आणि विचारलं की सूत्र खरं बोलतं. पण तिला तेवढ्यावर राहवलं नाही. तिने खाली फोन लावला.

"दादा, भिंतीवर लाल झालं का?"

थोरला सोफ्यावर पडून चौकोनाकडे बघत होता. चौकोन हिरवागार होता.

"झालं, झालं. घंटाही वाजली. बंद कर आता, पाणी वाया जातंय."

म्हातारा दारात उभा राहून मुलीची गंमत बघत होता. "चालतोय ना माझा हॉर्न?" त्याने विचारलं.

"चालतोय अप्पा," ती म्हणाली. "पण उगाच वाजवू नका. खरंच लागेल तेव्हाच."

"बरं बाई. नाही वाजवणार." त्याने तेवढा शब्द पाळलाही. मुलीचं तो ऐकायचा.

इकडे थोरल्याचं नशीब उघडलं. मालकाला हे चौकोनाचं प्रकरण भारी आवडलं. 'काळजी' असं नाव देऊन कंपनीने ते विकायला काढायचं ठरवलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक बाई, जिची वृद्धांना सांभाळणारी बरीच घरं होती. मालक म्हणाला, "ऑफिसात नको. तुझ्या घरी दाखव. खरा मुलगा, खरा बाप. त्यात दम आहे." थोरल्याने नवा शर्ट आणला. सुनेने पडदे धुतले. वर कुणी काही कळवलं नाही, कारण वर कळवण्यासारखं काय होतं?

त्या सकाळी म्हातारा उठला. गादीने नोंद घेतली. दार उघडून पेपर आत घेतला, किटली लावली, चहा प्यायला. चौकोन हिरवा. मग तो अंघोळीला गेला आणि ओल्या फरशीवर पाय सरकून पडला. कमरेत काहीतरी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःलाच आला. उठता येईना. फोन बाहेर पलंगावर होता. पहिल्यांदा तो ओरडला, पण त्या बंद दारामागून दोन मजले खाली कुणाला ऐकू जाणार? मग त्याची नजर नळाकडे गेली. नळ खालच्या अंगाला, बादलीच्या उंचीवर. हात ताणून ताणून तो तिथवर पोचला आणि त्याने नळ पूर्ण सोडला. गार पाणी अंगाखालून वाहू लागलं. मोरीने आपलं काम चोख केलं, पाण्याचा थेंब कुठे तुंबला नाही. म्हातारा जिन्यावरच्या पावलांची वाट बघत पडून राहिला. आतापर्यंत साहेब दर वेळी आला होता. चिडून का होईना, आला होता.

खाली मंडळी जमली. गिऱ्हाईकबाई मऊ बोलणारी, चांगली बाई होती. तिने चौकोनाजवळ जाऊन निरखून पाहिलं.

"आत्ता वडील काय करतायत?"

"आराम," थोरला म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"हिरवं आहे ना."

सगळे हसले. मालकाने टाळीच दिली. थोरल्याने मग गादी, दार, किटली, नळ असं एकेक करून समजावलं. नळाशी आला तेव्हा त्याची जीभ जराही अडखळली नाही. "सगळ्यात महत्त्वाचा नळ," तो म्हणाला. "म्हातारी माणसं पडतात ती न्हाणीघरात." बहिणीचं वाक्य होतं ते.

बाई म्हणाली, "वर जाऊन त्यांना भेटता येईल का? दोन मिनिटं."

"झोपले असतील. उगाच त्रास नको," थोरला म्हणाला. सुनेने बशी पुढे केली.

धाकटीने सकाळपासून बापाला फोन लावला होता. उचलत नव्हता. कान गेलेला माणूस, नसेल ऐकलं, असं म्हणून तिने बराच वेळ काढला. मग कामातून डोकं वर काढून ॲप उघडलं. नव्याने उघडलं, नव्याने विचारलं गेलं, खरं उत्तर आलं. लाल. नळ: फार वेळ चालू. म्हाताऱ्याने शब्द दिला होता आणि तो मोडणारा नव्हता. ती पर्स उचलून पळत सुटली. वाटेत भावाला फोन लावत राहिली. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी तिने संदेश टाकला: 'लाल आहे. वर जा. आत्ता.'

थोरल्याने तो वाचला. मान वर करून चौकोनाकडे पाहिलं. हिरवा. जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं की त्या दोघांतलं खरं कुठलं आणि जुनं कुठलं, आणि तो माणूस नवा शर्ट घालून उभा होता. त्याच्या मनात आलं ते एवढंच: म्हाताऱ्याने आजच दिवस साधला. पत्ते पिसत बसला असेल. त्याने उत्तर टाइप केलं: 'इथे हिरवं आहे. तुझं ॲप जुनं असेल. बैठकीत आहे.'

मी त्या क्षणाचा खूप विचार केला आहे, आणि मला त्या माणसाची कीव येत नाही.

धाकटी आली. बस सोडून रिक्षाने आली, लिफ्टची वाट न बघता चार मजले चढली. दुसऱ्या मजल्यावर भावाच्या दारापुढे चपला-बुटांचा ढीग होता आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. ती थांबली नाही. वर जाऊन तिने किल्ली लावली आणि दार उघडलं.

दार उघडल्याबरोबर दाराचं यंत्र बदललं. दार अजून त्या ओळीत होतं. हाक गेली. चौकोनाने पुन्हा विचारलं, सूत्राने चारही पाहिले, त्यात नळही पाहिला, आणि खाली भरल्या बैठकीत चौकोन लाल झाला. थोरल्याच्या खिशात घंटा वाजली.

"अरे!" बाई दचकली. "हे खरं आहे की तुम्ही दाखवण्यासाठी...?"

थोरल्याला सगळं एका दमात कळलं. नुसतं दार उघडल्याने चौकोन लाल होत नाही. म्हणजे दार उघडणारी धाकटी, आणि लाल करणारा नळ. आणि नळ आत्ताचा नाही, किती वेळचा ते देव जाणे. मालक त्याच्याकडे बघत होता. बाई त्याच्याकडे बघत होती.

"बघा," थोरला म्हणाला. "किती चटकन कळतं."

मालकाने टाळ्या वाजवल्या. थोरल्याने फोन काढला आणि 'पाहिलं' असं लिहिलेलं बटण कसं दाबायचं ते दाखवलं. घंटा थांबली. बाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "तुम्ही वर जाऊन येता का आधी?" थोरला म्हणाला, "माझी बहीण आहे वर. काळजी नको." मग त्याने लॅपटॉपवर पुढचं पान उघडलं.

वर धाकटी न्हाणीघराच्या फरशीवर बसली होती. म्हाताऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ओठ निळे पडले होते आणि हातपाय इतके गार की तिला आपले हात मागे घ्यावेसे वाटले. रुग्णवाहिकेला तिने कळवलं होतं, ती वाटेत अडकली होती. तिने नळाकडे हात नेला तर म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"बंद नको करू," तो म्हणाला. आवाज अगदी आत गेला होता. "तो येतोय."

"मी आलेय ना अप्पा."

"तू आलीस. साहेब यायचाय." जरा थांबून म्हणाला, "उगाच नाही वाजवला हं. लागला म्हणून वाजवला."

"माहीत आहे मला. माहीत आहे हो."

तिने नळ बंद केला नाही. त्याचे पाय तेवढे पाण्यातून ओढून घेतले, अंगावर होते नव्हते ते सगळे टॉवेल घातले आणि हात चोळत राहिली. म्हाताऱ्याचे डोळे दाराकडे होते. लिफ्टचा आवाज आला की त्याची मान किंचित वळायची. लिफ्ट दुसऱ्याच कुठल्या तरी मजल्यावर थांबायची. असं होता होता एकदा लिफ्ट वाजली आणि मान वळली नाही. धाकटीने खूप हाका मारल्या. मग तिने हात लांब करून नळ बंद केला.

थोरला आला तो पाहुण्यांना खाली गाडीपर्यंत सोडून आला. दारातून आत येतानाच म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक होतं समोर, मी कसं..." आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर थांबला.

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात तिने सगळं मांडून पाहिलं होतं. इकडे लाल, तिकडे हिरवं. चुका काढण्याचाच तिचा धंदा होता.

"ओळीतून काढलास ना नळ?" तिने विचारलं.

"सूत्रात होता," तो म्हणाला. "मी तुला दाखवला होता. सूत्रातून मी काढला नव्हता."

"आणि मी फोनवर विचारलं तेव्हा?"

थोरल्याने बंद नळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सकाळपासून हिरवं होतं गं." हे तो तिला सांगत होता की मेलेल्या बापाला, ते त्याचं त्यालाच माहीत. त्याला रडू येत होतं का? येत असावं. मला त्याच्याशी कर्तव्य नाही.

"इथे असे ओले नको पडायला ते," धाकटी म्हणाली. "पलंगावर नेऊ. तू पायाकडून धर."

तो वाकला. बापाला हात लावून त्याला इतके महिने झाले होते की नेमकं कुठे धरायचं हेही त्याला सुचेना. धाकटीने खांद्यांखाली हात घातले, त्याने गुडघ्यांखाली, आणि दोघांनी उचललं. थोरल्याचा तोल गेला. त्याच्या डोक्यात बाप म्हणजे एका हाताने बसचं स्टिअरिंग फिरवणारा तो आडदांड माणूस होता. त्याने त्या मानाने जोर लावला होता, आणि हातात आलं ते त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं.

"एवढे हलके कधी झाले हे?" त्याने विचारलं.

"रोज थोडे थोडे," धाकटी म्हणाली. "सावकाश वळ. डोकं आपटेल त्यांचं."